साडेअकराची गोळी

हजरनीस बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, "गीळ."

"तहान नाहीये मला."

"तहानेचं कोण विचारतंय? गीळ."

मी गिळलं. बाई माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "गळा ठीक आहे. मानेचं बघायला पाहिजे. मागं काळी पडायला लागलीय. आईला डायबिटीस आहे ना?"

आता बघा, मी आले होते नोकरीच्या मुलाखतीला. लग्न होऊन बडोद्यात येऊन सहा महिने झालेले, ठेवणीतली साडी नेसलेली, आहारशास्त्राची पदवी प्लास्टिकच्या फायलीत घालून आणलेली. आणि ही बाई माझी मान बघतेय! आईला डायबिटीस होता, चांगला दहा वर्षांचा होता. पण माझं टाळकंच सरकलं. "नाही," मी ठणकावून सांगितलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून ये."

पुढं कितीतरी वर्षांनी मी त्यांना विचारलं, त्या दिवशी काय बघून मला घेतलंत? तर म्हणतात, "किती सफाईनं खोटं बोललीस! म्हटलं, हिला आपले पेशंट बरोबर कळतील."

बाईंचं पूर्ण नाव डॉ. कुमुद हजरनीस. आमच्या इस्पितळातला हार्मोन विभाग म्हणजे लांबलचक व्हरांड्याच्या टोकाच्या तीन खोल्या, आणि त्या तीन खोल्यांत बाईंचं राज्य. ठेंगणा बांधा, इस्त्रीची कोटा साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि खांद्याला एक पिशवी, जिच्यात रक्तदाबाच्या यंत्रापासून शेवेच्या पुडीपर्यंत काहीही निघायचं. आजोबा संस्थानच्या दप्तरखान्यात होते. ते कागद जपायचे म्हणून बाईही जपायच्या. प्रत्येक पेशंटची ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली वही असायची. बाई माझ्याशी मराठीत बोलायच्या, पेशंटशी गुजरातीत, आणि इंग्रजी फक्त सर्जन लोकांशी भांडायला राखून ठेवलेली. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "एक स्थळ आलं होतं. त्याचा गळा सुजलेला होता. मी सहा महिन्यांत बरा केला, तर तो दुसरीकडेच बोहल्यावर चढला." खरं की खोटं, देव जाणे.

बाईंना रस्त्यात, बसमध्ये, लग्नात, कुठंही माणूस दिसायचा नाही, ग्रंथी दिसायच्या. भाजीवालीला पाणी गिळायला लावायच्या. सत्यनारायणाला गेल्या तर भटजींच्या पायांची सूज बघून यायच्या. एका नवरात्रात तर कहर झाला. आमच्या गोत्रीच्या सोसायटीत गरबा चालला होता, बाई पाहुण्या म्हणून खुर्चीवर बसल्या होत्या. अचानक माझ्या कानाशी म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीतली निळी चनियाचोळी. टाळी देताना बोटं थरथरतायत बघ. डोळेही बाहेर आलेत. थायरॉइड वाढलंय." आणि मी अग अग म्हणेपर्यंत ही साठीला टेकलेली बाई त्या गोलात घुसली! निळ्या चनियाचोळीचं मनगट पकडलं, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि नाडी मोजायला लागली. ती बिचारी थांबेना, कारण मागच्या बायका ढकलत होत्या. मग बाईही तिच्याबरोबर फिरू लागल्या. दोन फेऱ्या घेतल्या. तिसऱ्या फेरीत ओरडल्या, "बेन, ऊभा रहो ने! नाचताना कुणाचीही वाढते!" ती थांबली, मागची तिच्यावर आदळली, त्या मागची तिच्यावर. ढोलवाल्यानंसुद्धा ढोल थांबवला. चेअरमन धावत आले. बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं कुणी नाचायचं नाही. हिला बसवा." आणि बसवलं हो! दहा मिनिटांनी पुन्हा मोजली, तरी नाडी पळतच होती. सोमवारी ती बाई विभागात आली, रक्त तपासलं, निदान तंतोतंत बरोबर. चेअरमननी मात्र मला वर्षभर ऐकवलं.

अशी निदानं करणारी बाई, पण पेशंटच्या शब्दावर काडीचा विश्वास नाही. "पेशंट खोटं बोलतो, रक्त खरं बोलतं," हे त्यांचं पालुपद. आणि सांगू का, त्यात तथ्य होतं. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. एक काका शपथेवर सांगायचे, रिकाम्या पोटीच घेतो. सहा महिने आकडा हलेना. शेवटी कळलं, काका आधी दोन कप चहा पितात. "अरे बेन, चहा म्हणजे काय खाणं आहे?" हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकलं की बाईंनी अशांच्या वह्यांवर 'चहावाले' असा शिक्काच करून घेतला होता. दुसरा शिक्का 'चाखणारे'. यांनी गोड कधी खाल्लेलं नसतं, फक्त चाखलेलं असतं. तिसरा शिक्का होता 'सून'. म्हणजे जे काय खाल्लं ते सुनेनं वाढलं म्हणून खाल्लं.

आणि बाईंची स्वतःची तऱ्हा? अहो, त्यांना स्वतःला डायबिटीस! दुपारच्या जेवणाआधी गोळी घ्यायची असायची आणि त्या ती हमखास विसरायच्या. पिशवीच्या तळाशी गोळ्यांचा भुगा झालेला असायचा आणि त्यात शेव मिसळलेली. मी बोलले की म्हणायच्या, "तू तुझी मान बघ." संपला विषय.

बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा सविताबेन आल्या. आल्या म्हणजे बेशुद्धच आणल्या गेल्या. करजणच्या, पासष्टीच्या आसपासच्या, काडीसारख्या बारीक. मुलगा नरेशभाई गाडीत घालून घेऊन आला होता. दुपारी घरात बसल्या बसल्या घाम फुटला, बडबडायला लागल्या आणि कोसळल्या. महिन्यात तिसऱ्यांदा. तपासलं तर रक्तातली साखर पार तळाला गेलेली. डायबिटीसच्या माणसाचं गोळीनं असं होतं, पण सविताबेनना डायबिटीस नव्हताच. बाईंनी विचारलं, "काही गोळी घेता?" शुद्धीवर आलेल्या सविताबेन हात जोडून म्हणाल्या, "ना बेन, हुं तो एक पण गोळी नथी लेती." एकही घेत नाही. नरेशभाईही म्हणाला, बाला, म्हणजे आईला, काही गोळी नाही, डायबिटीस बापुजींना होता, ते दिवाळीत गेले.

कोसळलेल्या अवस्थेत घेतलेल्या रक्तात इन्सुलिन भरपूर निघालं. साखर तळाला आणि तरी शरीर इन्सुलिन सोडतंय, म्हणजे स्वादुपिंडात एखादी चिमुकली गाठ असणार. अशी गाठ लाखांत एखाद्याला होते. डॉक्टरच्या आयुष्यात एकदा दिसली तरी नशीब म्हणायचं. त्या दिवशी बाईंचा चेहरा बघायला हवा होता! माहेरी निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. चाळीस वर्षं 'चहावाले' आणि 'चाखणारे' तपासले होते, आता कुठं खरी केस हाती लागली होती. त्यांनी संध्याकाळी बसून पेपर लिहून काढला, अहमदाबादच्या परिषदेला कळवलं आणि तो स्वीकारला गेला. जन्मातला पहिला पेपर. माझ्यासमोर त्यांनी तो चार वेळा वाचून दाखवला. मी आपली दर वेळी "वा!" म्हणत होते.

स्कॅनच्या फोटोंत गाठ दिसत नव्हती. पण सर्जन उत्साही होते, म्हणाले, उघडून शोधू. स्वादुपिंड म्हणजे काही आंब्याची पेटी नव्हे उघडून चाचपायला, पण त्यांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली. सविताबेननी मान डोलावली. नरेशभाई मात्र व्हरांड्यात येऊन माझ्यापाशी रडला. म्हणाला, "बेन, बापुजी गेले, आता बा पण?" मी त्याला पाणी दिलं.

नियमाप्रमाणे सविताबेनना वॉर्डात तीन दिवस उपाशी ठेवून दर काही तासांनी साखर बघितली. गाठ असेल तर साखर घसरायलाच हवी. पहिला दिवस ठीक, दुसरा ठीक, तिसराही ठीक. म्हातारी उपाशीपोटी आजूबाजूच्या बायकांना भजनं शिकवत होती. सर्जन म्हणाले, गाठ कधी कधी झोपून असते. तारीख तीच.

त्या संध्याकाळी बाई वही उघडून नुसत्याच बसल्या होत्या. शेवेची पुडी समोर तशीच. मी म्हटलं, "निघू या का?"

"सुलभा," बाई म्हणाल्या, "घरी पडते, इथं पडत नाही. म्हणजे गाठ घरी आहे."

"म्हणजे?"

"गाठ करजणला आहे. उद्या सविताबेनना घरी सोडायचं आणि परवा आपण जायचं."

मी म्हटलं, "बाई, तुमचा पेपर—"

"पेपरचं मला सांगू नकोस!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की व्हरांड्यातला झाडूवाला आत डोकावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "चार वेळा वाचून दाखवला तुला. दर वेळी उपासाच्या निकालासाठी कोऱ्या सोडलेल्या जागी माझी जीभ अडखळली. तू 'वा' म्हणत होतीस." मला फार लाज वाटली.

बुधवारी सकाळी आम्ही एसटीनं करजणला गेलो. गुरुवारी ऑपरेशन होतं. बाजारामागं घर, ओटीवर मोठा झोपाळा, भिंतीवर हार घातलेला सविताबेनच्या यजमानांचा, काकांचा फोटो. सुनेनं खाकरे आणले, चहा आणला. बाईंनी चहा बाजूला ठेवला आणि पोलिसासारख्या घरभर हिंडल्या. डबे उघडले, लोणची हुंगली, मुखवास चाखला, कुठला काढा, कुठली भुकटी, कुठल्या बुवांचा अंगारा, सगळं विचारून झालं. काही नाही. शेवटी दमून झोपाळ्यावर टेकायला गेल्या तर सविताबेन पटकन म्हणाल्या, "बेन, तिथं नको. इकडं खुर्चीवर बसा ने." बाई खुर्चीवर बसल्या.

गप्पा चालल्या होत्या. सविताबेन सांगत होत्या, ह्यांच्यामागं जेवण जात नाही, दोन घास कसेबसे खाते. बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. सविताबेन वाक्य अर्धं सोडून उठल्या. पाणियाऱ्यावर, म्हणजे पाण्याची मडकी ठेवतात त्या कट्ट्यावर, एक स्टीलची डबी होती. बाईंनी ती मघाशी बघितली होती, पण वर कुंकवाची पुडी होती म्हणून उघडली नव्हती. सविताबेननी डबीतून गोळी काढली, वाटीत ठेवली, पेला भरला आणि दोन्ही घेऊन झोपाळ्यापाशी आल्या. झोपाळा रिकामा. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग गोळी आपल्या तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या.

मी बाईंचा हात घट्ट धरला. म्हटलं, आता ही म्हातारीला फाडून खाणार.

बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सविताबेन, ही कसली गोळी?"

"ए तो एमनी," सविताबेन म्हणाल्या. ह्यांची. साखरेची. जेवणाआधी घ्यायचे ते.

"मग तुम्ही का घेतलीत?"

सविताबेन गोंधळल्या. त्यांना प्रश्नच कळेना. "चाळीस वर्षं साडेअकराला मीच काढून देत होते बेन. हात आपोआप जातो. आणि काढलेली गोळी परत डबीत कशी टाकायची? एमनी छे ने." त्यांची आहे ना.

नरेशभाईनं डबी उघडून बघितली, ती भरलेली होती. काका गेल्यावर मेडिकलवाल्याची महिन्याची यादी कुणी बदललीच नव्हती. पुडकं घरी येत होतं, सविताबेन डबीत भरत होत्या. ती गोळी पोटात गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला लागतं, गाठ असो वा नसो. वर जेवण दोन घास. म्हातारी पडेल नाही तर काय होईल? आणि इस्पितळात तिला ती डबीच नव्हती. विचाराल तर ती पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती. तिची स्वतःची एकही गोळी नव्हती!

बाईंनी आपला गार झालेला चहा सविताबेनच्या हातात दिला, स्वतःच्या हातानं चार चमचे साखर घालून. वर सुनेला भात लावायला सांगितलं. सविताबेनवर डोळा ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, दर अर्ध्या तासानं बोट टोचून साखर बघत. नरेशभाईनं घरून फोन करून ऑपरेशन रद्द केलं. परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना डोळे पुसताना मी बघितलं. पेपर गेला म्हणून असेल असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "सुलभा, चाळीस वर्षं मी म्हणतेय, पेशंट खोटं बोलतो. अग, आपण चुकीचं विचारत होतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वह्यांच्या पहिल्या पानावर नवा प्रश्न लिहायला लावला : घरात कोणाकोणाच्या गोळ्या आहेत? 'चहावाले'चा शिक्का मात्र राहिला, तो काही त्यांनी सोडला नाही.

अहमदाबादला त्या गेल्याच. तोच पेपर वाचला, फक्त शेवटचं पान बदलून. गाठ पाणियाऱ्यावर सापडली म्हटल्यावर हॉल हसला. बाई हसू संपेपर्यंत थांबल्या आणि मग झोपाळ्याचं सांगितलं. कुणी हसलं नाही. एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "मग उपचार काय केलात?" बाई म्हणाल्या, "टेलिफोन."

तेच तर सांगायचं राहिलं. डबी रिकामी केली, मेडिकलवाल्याला दम दिला, सगळं झालं. पण आठवड्यानं नरेशभाई आला. म्हणाला, बा पडत नाही, पण साडेअकरा वाजले की वेड्यासारखी घरात फिरते, डबी उघडते, मिटते, रडते. बाईंनी थोडा विचार केला. मग करजणला फोन लावला आणि जगातला सगळ्यात लाचार आवाज काढला. "सविताबेन, मलाही साखर आहे. मी गोळी रोज विसरते. घरी कुणी नाही आठवण करायला. तुम्ही साडेअकराला मला फोन कराल का?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून साडेअकराच्या ठोक्याला विभागातला फोन खणखणायचा. "बेन, गोळी लीधी?" घेतली का? सुरुवातीला सविताबेन अजिजीनं विचारायच्या. महिन्याभरात रागवायला लागल्या. पेशंटनी भरलेल्या खोलीत, जिच्या आवाजाला रेसिडेंट चळाचळा कापायचे ती आमची बाई फोन कानाला लावून, "हो... घेते... नाही, शेव नाही खाल्ली... थोडीशी... चुकलं बेन," असं पुटपुटायची. काही पेशंट आपला नंबर होऊन गेला तरी साडेअकरापर्यंत मुद्दाम बसून राहायचे. बाई निवृत्त झाल्या, हरणीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, हातात मोबाइल आला, पण फोन एक दिवस चुकला नाही. बाईंची साखर जन्मात पहिल्यांदा ताळ्यावर आली.

शेवटी बाईंच्या हृदयानं दगा दिला. आमच्याच इस्पितळात ठेवलं होतं. मी सकाळी गेले तेव्हा नाकात नळी, हाताला सलाइन, आणि तशाही अवस्थेत त्या एका नव्या रेसिडेंटला झापत होत्या, कारण त्यानं घरात कोणाकोणाच्या गोळ्या आहेत हे विचारलं नव्हतं. त्यानं घाबरत विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या." तो गेला. मी स्टुलावर बसले.

"तुझं काय?" त्या म्हणाल्या.

"माझं काय असायचं?"

"गेल्या महिन्यात लॅबमध्ये सासूबाईंच्या नावानं रक्त दिलंस. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली ना? त्यांची साखर अजून वाढतेय?"

तो रिपोर्ट मी पर्सच्या आतल्या कप्प्यात दडवून ठेवला होता, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लोकांना काय खावं ते शिकवण्यात माझी हयात गेली. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

तेवढ्यात उशाचा मोबाइल वाजला. साडेअकरा. बाईंनी तो उचलून माझ्या हातात ठेवला. "तू बोल. आजपासून तूच."

"बाई, काय सांगू त्यांना?"

"मला आता सगळं नळीतून देतात, हे अजिबात सांगायचं नाही. ती पुन्हा डबी उघडत बसेल. विचारेल, गोळी लीधी का. हो म्हणायचं. पण सविताबेनशी खोटं बोलायचं नाही हं." आणि उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं. पाकिटावर त्यांच्या अक्षरात माझं नाव होतं. मोठ्या डॉक्टरांकडून रीतसर लिहून घेतलं होतं.

मी फोन घेतला. पलीकडून म्हातारा, थकलेला आवाज आला, "बेन, गोळी लीधी?"

"सविताबेन, हुं सुलभा. एक मिनिट हं." मी पाकीट फोडलं. बाईंच्या टेबलावरचा पेला उचलला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी गोळी तोंडात टाकली आणि गिळली.

"लीधी, सविताबेन," मी म्हटलं.

बाईंची मान उशीवरून जराशी उचललेली होती. टक लावून त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "गळा अजून ठीक आहे," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.